मामाच्या गावचा मामा तलाव

मी गडचांदूरचा. पावसाळ्यात अमलनाला धरणाचा सांडवा वाहू लागला की आमच्याकडे पाहणाऱ्यांची ही गर्दी! पण आज सांगायचंय ते लहान मातीच्या पाळीबद्दल. तिच्याकडे सहसा कुणी पाहत नाही.

माझ्या मामांचं गाव सिंदेवाही तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला 'मामा तलाव' आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया भागात असे हजारो तलाव आहेत. त्यातले बरेच कोहळी समाजातल्या जाणकारांनी बांधले. मालकी मालगुजाराची, देखभालही त्याचीच. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले.

आठवीत असताना रोवणीच्या दिवसांत आम्ही पोरांनी सांडव्यावर रेतीची पोती रचली. धानाला हातभर पाणी जास्त मिळावं, एवढाच विचार. रात्री धो-धो पाऊस आला. पहाटे पाणी पाळीच्या माथ्याखाली जेमतेम वीतभर होतं! चार माणसं घेऊन मामांनी पोती ओढून काढली. "पोट्टेहो, पाणी साठवाचं हाय का गाव बुडवाचं हाय?" असं ते ओरडले. त्याचा खरा अर्थ मला सिव्हिलला आल्यावर कळला.

मातीचं धरण मुख्यतः तीन प्रकारे फुटतं.
१) पाणी माथ्यावरून वाहिलं की माती कापली जाते.
२) पाझरणारं पाणी आतली माती वाहून नेतं व पोकळी वाढत जाते. यालाच पायपिंग म्हणतात.
३) भिजलेला उतार घसरतो.
पोती रचून आम्ही पहिल्या प्रकाराची तयारी केली होती.

आता वर्गवारी पाहू. धरण सुरक्षा कायदा, २०२१ हा १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटर उंचीचं धरण असेल तर किमान ५०० मीटर लांबी किंवा किमान १० लाख घनमीटर साठा अशांपैकी एखादी अट पूर्ण व्हावी लागते. बहुतेक मामा तलाव आणि खाजगी शेततळी या मापात बसत नाहीत. पण लहान म्हणजे सुरक्षित नव्हे. धोक्याची वर्गवारी वेगळी असते. धरण किती कच्चं आहे हे ती सांगत नाही. फुटलं तर खाली किती नुकसान होईल, हे सांगते. रानातली १० मीटरची पाळ कमी धोक्याची आणि वस्तीवरची ५ मीटरची पाळ जास्त धोक्याची असू शकते.

हिशेब करा. समजा, साठा १ लाख घनमीटर. म्हणजे १ लाख टन पाणी! ५ मीटर खोलीला √(२×९.८१×५), म्हणजे सैद्धांतिक वेग सेकंदाला जवळपास १० मीटर. पळणार कुठे? २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं तेव्हा २० हून अधिक माणसं गेली. तेही मातीचंच होतं.

तेव्हा सुट्टीत गावी गेलात की एकदा पाळीवरून चालून या. सांडवा मोकळा आहे का? पाळीवर मोठी झाडं, उंदरांची बिळं, भेगा आहेत का? खालच्या बाजूने गढूळ पाणी पाझरतंय का? स्वच्छ पाझरावर लक्ष ठेवा. पाणी गढूळ दिसलं तर लगेच ग्रामपंचायतीला कळवा, कारण पाळीची माती वाहून चालली आहे. आणि सर्वात शेवटी खाली वळून पाहा, पहिलं घर किती लांब आहे?

मामांच्या गावात ते दोनशे पावलांवर आहे. ते घर मामांचंच.