पडलेलं पान वाचायला शीक

पिशोर, ता. कन्नड

चि. ताईस,


होस्टेलवर मैत्रिणींबरोबर तू सेव्हन कार्ड स्टड पोकर खेळायला लागलीस आणि जवळचे सगळे चिंचोके घालवून बसलीस, हे कळलं. पान लागत नाही, अशी तुझी तक्रार आहे. पण अख्ख्या पत्रात तू आपल्याच हातातल्या पानांबद्दल लिहिलंस, समोर उघड्या पडलेल्या पानांबद्दल एक ओळ नाही. तू हरतेस ती तिथेच.

आपल्याकडे स्टड कुणी खेळत नाही. गोकुळाष्टमीच्या किंवा गणपतीच्या जागरणाला इथे डाव बसतो तो रमीचा, नाहीतर मेंढीकोटाचा. म्हणून आधी रमीतून सांगतो, ती तुला येते.

समज, तुझ्याकडे बदामाची छक्की-सत्ती आहे. पंजी किंवा अठ्ठी आली की सिक्वेन्स झाला. कॅट दोन, म्हणजे पंज्या दोन नि अठ्ठ्या दोन, चार पानांची आशा. समोरचीने बदाम पंजी टाकली आणि तुझी पाळी येण्याआधीच तिच्यावर दुसरं पान पडलं. आशा तिनावर आली. पुढच्या फेरीत शेजारणीने खालची बदाम नव्वी उचलली. तिने ती उगाच उचललेली नाही. तिच्या हातात अठ्ठी तरी असेल, दश्शी तरी असेल, नाहीतर ती नव्व्या जमवत असेल. म्हणजे अठ्ठी आता तिलाही हवी असणार, तिच्या हातून सुटायची नाही. तुझ्या भरवशाची उरली एकच पंजी. तरी तू छक्की-सत्ती छातीशी धरून बसतेस! जोडी मोड. आणि त्या शेजारणीला बदाम अठ्ठी, दश्शी किंवा कुठलीही नव्वी चुकूनही देऊ नकोस.

सर्वोच्च न्यायालयाने 1968 च्या के. सत्यनारायण खटल्यात रमीला तीन पत्तीपासून वेगळं काढलं ते याच गोष्टीवर: रमीत पडलेली पानं ध्यानात ठेवावी लागतात, कोणतं धरायचं नि कोणतं सोडायचं याला कसब लागतं. हे कसब आपल्या मुलखाला नवं नाही. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांची प्रत्येकी 12 अशी 120 गोल पानं असतात; तिथे पडलेलं पान विसरणाऱ्याचं काही खरं नाही.

आता तुझा स्टड. प्रत्येकीला दोन पानं झाकली, तिसरं उघडं. मग तीन उघडी आणि सातवं पुन्हा झाकलं. सातांतली उत्तम पाच धरायची. म्हणजे प्रत्येकीची चार पानं डोळ्यांसमोर येतात, एवढी खबर रमीतही मिळत नाही. पाच जणी बसलात तर पहिल्याच वाटपात समोर चार पानं उघडी असतात. तुझ्याकडे तीन किलवर आहेत, बाहेर दहा उरले. त्या चारांत एकही किलवर नसेल तर खेळ. तीन दिसले तर उरले सात, तेही काही झाकलेले, काही गड्डीच्या तळाला. हात टाकून दे. राण्यांची जोडी असेल आणि एक राणी समोर दिसली तर तिसरीची आशा निम्म्यावर आली. पॅक करणारी आपलं उघडं पान पालथं घालते आणि ते नजरेआड होतं. म्हणून ते पालथं पडण्याआधीच मनात नोंदवून ठेवायचं.

पहिल्या तीन पानांतच निर्णय घे. तिन्ही एकाच किमतीची, दश्शीची किंवा वरची जोडी, एकाच रंगाची तीन, लागोपाठची मोठी तीन, एवढ्यांवर पुढे जा. छोटी जोडी धरायची तर सोबत एक्का किंवा राजा हवा आणि त्या जोडीची उरलेली पानं बाहेर कुठे दिसता कामा नयेत. बाकी सगळं पॅक. कंटाळा येईल, पण 101 च्या रमीत सुरुवातीलाच पॅक केलं तर 20 गुण लागतात, मध्येच केलं तर 40 आणि पुरता डाव अंगावर आला तर 80, हे तुला ठाऊक आहे. इथेही तोच हिशेब. ठरलेल्या चालीच्या स्टडमध्ये पाचव्या पानापासून चाल दुप्पट होते, तेव्हा चौथ्या पानाने काही दिलं नसेल तर तिथेच थांब. समोर तुझ्यापेक्षा मोठी जोडी उघडी पडली असेल तर ‘एवढे टाकलेत, आता कसं सोडू’ हा विचार मनात आणू नकोस. टाकलेले चिंचोके तुझे राहिलेले नसतात.

आणि चिंचोक्यांवरच खेळ. याबाबतीत मी तुझं काही ऐकणार नाही. कापूस विकून आलेले पैसे मोबाईलवरच्या रमीत घालवलेली घरं मी आपल्या भागात पाहिली आहेत. त्या घरांतली माणसं मूर्ख नव्हती, पानं त्यांना चांगली कळत होती. ऑगस्ट 2025 च्या केंद्राच्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, त्यात कौशल्य असो वा नसो. कुणी आडवाटेचं अॅप दाखवलं तर हात लावू नकोस. पैशाची फिकीर डोक्यात शिरली की पडलेलं पान डोळ्यांना दिसतच नाही, मग खेळात उरतं काय?

सराव एकटीनेच कर. कॅट नीट पिसून पाच पानं उघडी मांड, दहा मोजेपर्यंत बघ, पालथी घाल आणि रंगासकट म्हणून दाखव. जमलं की सात मांड, मग दहा. रोज झोपायच्या आधी थोडा वेळ पुरे. अभ्यासाच्या वेळेला मात्र कॅट पेटीत राहू दे. किती पानांवर पोचलीस ते पुढच्या पत्रात लिही.

तुझा
मामा