रंगाचे डबे अजून उघडू नकोस

चि. समीर,


मालवणहून जुनी शिडाची होडी घेतलीस, फोटो पाहिले. तुझ्या आईने कपाळाला हात लावलाय, पण मला बरं वाटलं. फक्त फोटोत मागे रंगाचे डबे दिसले, ते आधी माळ्यावर टाक. आता लागणार दाभण, मोगरी आणि खडू.

कुजकं शोधताना सगळे तळाशी वाकतात. पण खाऱ्या पाण्यात लाकूड सहसा कुजत नाही, कुजतं ते पावसाच्या पाण्याने. म्हणून वरून सुरुवात कर: काठाखाली, नाळेच्या माथ्यावर, डोलकाठीच्या खाचेत, फळ्यांच्या टोकांना. मोगरी मारलीस की चांगलं लाकूड खणखणतं, कुजकं भदभद वाजतं. दाभण सहज शिरलं की खडूची खूण. तळाला भीती पोखरणाऱ्या किड्याची. बाहेर सुईएवढं भोक, आत बोटभर बोगदे. (हा किडा खरं तर शिंपल्यांच्या जातीचा, पण सुताराला त्याचं काय!)

फळ्या सागाच्या असतील तर नुसत्या काळ्या पडल्या म्हणून फेकू नकोस. मुंबईच्या गोदीत वाडियांनी सागात बांधलेलं, १८१७ साली पाण्यात उतरलेलं ‘ट्रिंकोमाली’ जहाज इंग्लंडात हार्टलपूलला अजून तरंगतंय. बदलायच्या फळ्या एकेक करून काढ. सगळ्या एकदम उतरवल्यास तर होडीचा आकारच हातचा जाईल. फळी वाकवायचं काम जाणत्या सुताराला दे आणि त्याच्या हाताखाली तू राब. सगळं स्वतःच करायचा हट्ट तिथे नको. तांब्याचे आणि लोखंडाचे खिळे शेजारी ठोकू नकोस, खाऱ्या पाण्यात लोखंड झपाट्याने झिजतं.

खरी परीक्षा सांध्यांची. उन्हात पडलेल्या होडीच्या फळ्या आटतात, फटींतून उजेड दिसतो. तो बघून माणूस कापूस ठासठासून भरतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, ठासलेल्या कापसाला जायला जागा नसते, मग फळीच खिळ्यांतून उचकटते, नाहीतर बरगडी तडकते. म्हणून आधी झापांची सावली कर, आत ओली पोती अंथर, रोज पाणी शिंपड, तेही खारंच. फळ्या सावरल्या की सुताची वळी हलक्या हाताने बसव, वर राळ-तेलाचा लेप.

कुणीतरी फायबर मारून टाक म्हणेल. ऐकू नकोस. लाकूड फुगतं, आटतं; फायबर तसं करत नाही. मध्ये पाणी अडकतं, आतल्या आत सगळं कुजतं आणि बाहेरून होडी नवीकोरी दिसत राहते.

पाण्यात उतरवलीस की पहिले काही दिवस ती गळणार. घाबरू नकोस. उथळ पाण्यात बांधून ठेव, उपसत राहा, फळ्या फुगल्या की गळती कमी होईल. शिडाचं पुढे बघू. जुनं फाटकं शीड मात्र टाकू नकोस, नवं शिवताना मापाला लागेल.

तुझा,
बापूकाका