वडिलांकडचा वारसाही तितकाच जोखमीचा

स्तनाच्या कर्करोगाचा कौटुंबिक इतिहास विचारला, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील अनेक स्त्रिया आई, मावशी आणि आजोळच्या आजीविषयी सांगतात. आत्याचा विषय निघाला, की मात्र ‘तो वडिलांकडचा आजार, मुलीला कसा येईल?’ असा प्रतिप्रश्न करतात. हा समज पूर्णतः चुकीचा आहे. पेशीतील बिघडलेल्या डीएनएची दुरुस्ती करण्यास मदत करणाऱ्या बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ या जनुकांची एक प्रत आईकडून आणि एक वडिलांकडून मिळते, त्यामुळे सदोष प्रत वडिलांकडे असली, तरी ती प्रत्येक मुलामुलीत उतरण्याची शक्यता निम्मी असते. अशा पुरुषाला स्वतःला बहुधा हा आजार होत नाही, म्हणूनच दोष एक पिढी लपून राहतो.

घाबरून जाण्याचे मात्र कारण नाही. स्तनाच्या कर्करोगांपैकी सुमारे 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात, आणि एखाद्या आत्याला सत्तरीत झालेल्या आजारामुळे भाची अतिजोखमीची ठरत नाही. एकाच बाजूच्या दोन किंवा अधिक जवळच्या नातेवाइकांना हा आजार झाला असेल, कोणाला तो पन्नाशीच्या आत झाला असेल, घराण्यात अंडाशयाचा किंवा पुरुषाच्या स्तनाचा कर्करोग असेल, अथवा तरुणपणी छातीवर किरणोपचार झाले असतील, तर मात्र तज्ज्ञांकडून जोखमीचे मूल्यमापन करून घ्यावे.

जनुकीय दोष सिद्ध झालेल्या स्त्रियांसाठी साधारणतः पंचविशीपासून दरवर्षी स्तनांचा एमआरआय, आणि तिशीपासून त्याच्या जोडीला मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचे विशेष क्ष-किरण चित्रण, सुचवले जाते. कारण तरुण वयात स्तनांची ऊती दाट असल्याने केवळ मॅमोग्राफीत लहान गाठ निसटू शकते. या तपासण्यांनी रोग टळत नाही, परंतु तो लवकर सापडतो. टाटा स्मारक केंद्राने मुंबईत 1998 पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांचे या आजाराने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटल्याचे 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. तथापि अतिजोखमीच्या स्त्रीला तेवढी तपासणी पुरेशी नसते.

न दुखणाऱ्या गाठीवर झाडपाल्याचा लेप किंवा मोबाइलवर आलेल्या काढ्याचा प्रयोग करत महिने दवडायचे आणि गाठ त्वचेवर फुटल्यावर रुग्णालय गाठायचे, हा प्रकार अक्षम्य आहे. एखाद्या चाळिशीतील स्त्रीच्या बाबतीत असे घडते आणि तिची आत्या याच आजाराने गेल्याचे नंतर कळते, तेव्हा सावध होण्याची संधी हातची गेलेली असते. स्तनात किंवा काखेत गाठ, त्वचेवर खळगा किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा, स्तनाग्र नव्याने आत ओढले जाणे, त्यातून रक्तमिश्रित स्राव, यांपैकी काहीही दिसल्यास, पूर्वीचा मॅमोग्राफीचा अहवाल निर्दोष असला तरी, तत्काळ डॉक्टरांना दाखवावे.

कर्जतचे उपजिल्हा रुग्णालय किंवा चौकचे ग्रामीण रुग्णालय येथे पहिली तपासणी करून घ्यावी. पुढील तज्ज्ञ तपासणीसाठी याच जिल्ह्यात खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही संस्था आहे. तेथे जाण्यापूर्वी प्रत्येक स्त्रीने आईकडील आणि वडिलांकडील, अशा दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांतील कर्करोगांची, रोग झाला तेव्हाच्या वयासह, यादी वडीलधाऱ्यांना विचारून लिहून ठेवावी आणि त्या यादीतून आत्येला कदापि वगळू नये.