भीड आणि भिंती

आमचं घर मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तिथे पावसाच्या पाण्याने भरलेला एक खड्डा होता. २०१९ चा जुलै महिना, वाघोलीत नगर रस्त्यापासून थोडं आत. विक्री पाहणाऱ्या मुलाने छत्री सावरत आभाळाकडे बोट केलं, "मॅडम, तो तिथे. सातवा मजला, पूर्वेची बाल्कनी." आम्ही नवरा-बायको त्या रिकाम्या जागेकडे बराच वेळ बघत राहिलो. किंमत ४७ लाख. २०२२ च्या दसऱ्याला आम्ही तिथे राहायला आलो. मधल्या सव्वातीन वर्षांत आणि त्यानंतर जे कळलं ते हे असं आहे.

१. सॅम्पल फ्लॅट म्हणजे घर नव्हे, हे मला घरात आल्यावर कळलं. त्या खोल्यांना दारं नव्हती, म्हणून त्या ऐसपैस वाटल्या. पलंग आमच्या पलंगापेक्षा आखूड होता, हे तर लक्षातच आलं नाही. बोलण्यात "नऊशे फूट" होते. करारनाम्यात रेरा, म्हणजे स्थावर संपदा कायद्याप्रमाणे कार्पेट (आतलं वापराचं क्षेत्रफळ) निघालं ५८८ चौरस फूट. यात फसवणूक नव्हती, कागदावर खरा आकडाच होता. कार्पेटमध्ये आतल्या भिंतींची जाडी धरतात, बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी धरत नाहीत, हे कायद्याने ठरवून दिलं आहे. मला ते माहीत नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. आज कुणी घर बघायला निघालं की मी त्यांना मोजपट्टी आणि स्वतःच्या पलंगाचं माप घेऊन जायला सांगते.

२. भीड ही भिकेची बहीण, ही म्हण मी वर्गात वीस वर्षं शिकवली. तिचा अर्थ विक्री कार्यालयात कळला. गार खोली, आदबीने बोलणारी माणसं, समोर कॉफी. अशा ठिकाणी "जमिनीचे कागद दाखवा" म्हणणं मला उद्धटपणाचं वाटायचं. बाबांनी साताऱ्याहून फोनवर पहिला प्रश्न विचारला, "सातबारा पाहिलास का?" मी म्हटलं, "बाबा, एवढी मोठी स्कीम आहे, तुम्ही काळजी करू नका." ते म्हणाले, "मोठी आहे म्हणूनच विचारतोय." पुढे बुकिंगच्या वेळी आमच्याकडे २० टक्के रक्कम मागितली गेली. शाळेतल्या मैत्रिणीच्या वकील नवऱ्याने आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं, की रेराच्या कलम १३ प्रमाणे नोंदणीकृत करारनाम्याआधी १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाहीत. घशाला कोरड पडलेली असताना मी ते वाक्य म्हटलं. समोरून लगेच उत्तर आलं, "ठीक आहे मॅडम, दहा भरा." एवढंच. ज्या प्रश्नासाठी मी दोन रात्री जागले, तो त्यांच्या रोजच्या कामाचा भाग होता. त्यानंतर सातबारा, शोध अहवाल, मंजूर नकाशा, बांधकाम सुरू करण्याचा दाखला, सगळं मागितलं आणि सगळं मिळालं.

३. तोंडी तारीख आणि कागदावरची तारीख वेगळी असते. ही चूक माझी आहे आणि ती मला अजून खुपते. "डिसेंबर २०२० ला पझेशन" हे वाक्य आम्ही इतक्यांदा ऐकलं होतं, की आमचा सगळा हिशेब त्याच्यावर उभा होता. करारनामा शंभरावर पानांचा. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आमचा टोकन नंबर पुकारला गेला, अंगठे दिले, फोटो काढले, पेढे वाटले. महिन्याभराने महारेरा या राज्याच्या नियामक यंत्रणेच्या संकेतस्थळावर आमच्या प्रकल्पाचा क्रमांक टाकला, तेव्हा पूर्णत्वाची तारीख दिसली: ३१ डिसेंबर २०२१. करारनामा काढून पाहिला, तिथेही तीच. तारीख चुकली तर पैसे परत घेऊन बाहेर पडण्याचा, किंवा थांबून दरमहा व्याज मागण्याचा हक्क कलम १८ देतं. पण तो हक्क करारातल्या तारखेपासून मोजला जातो, चहा पिताना सांगितलेल्या तारखेपासून नाही.

४. भिंती उभ्या राहण्याआधीच बहुतेक पैसे गेलेले असतात. महारेराच्या नमुना करारनाम्यात टप्पे दिलेले आहेत: करार झाल्यावर एकूण ३० टक्क्यांपर्यंत, जोतं झाल्यावर ४५ पर्यंत, सगळे स्लॅब पडेपर्यंत ७०. म्हणजे आमच्या घराला एक वीटही लागली नव्हती, तेव्हा किमतीच्या दोन तृतीयांशाहून जास्त पैसे आम्ही देऊन बसलो होतो. बँक टप्प्याटप्प्याने कर्ज देते आणि दिलेल्या रकमेवर व्याज घेते. ३६ लाखांतले १८ लाख उचलले गेले, तेव्हा साडेआठ टक्क्यांनी महिन्याला पावणेतेरा हजार व्याज जात होतं, आणि चंदननगरच्या घराचं भाडं अकरा हजार. स्लॅब पडल्याचा निरोप आला की आनंद व्हायचा आणि त्याच दिवशी मागणीपत्रही यायचं. शिवाय ५ टक्के जीएसटी, मुद्रांक शुल्क, नोंदणीचे ३० हजार, आणि ताबा घेताना आगाऊ देखभाल खर्च. माझ्या पाटल्या याच काळात गेल्या. घर घेताना किमतीपेक्षा आधी "भाडं आणि व्याज मिळून किती महिने झेपेल?" हे विचारायला हवं होतं. त्यात सांगितलेल्या मुदतीवर निदान एक वर्ष जास्त धरायला हवं होतं.

५. उशीर म्हणजे फक्त बिल्डरचा उशीर, असं मी मानत होते. रविवारी आम्ही बांधकाम बघायला जायचो. तिथे कळमनुरीकडची एक बाई पाणी मारायचं काम करायची. कॉलमना गुंडाळलेली गोणपाटं दिवसातून तीन-चारदा भिजवायची, हात लावून बघायची, कोरडं लागलं की पुन्हा पाइप धरायची. "ताई, पहिले सात-दहा दिवस वाळू द्यायचं नाही. वाळलं की भेगा पडतात," असं तिने मला समजावलं होतं. सिमेंटला पाणी लागतं हे मला ठाऊक होतं. पण ते पाणी कुणीतरी दिवाळीच्या दिवशीही घालत असतं, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मजुरांच्या खोल्या रिकाम्या झाल्या. जूनमध्ये आम्ही गेलो तेव्हा पाचव्या मजल्याच्या कॉलमवरची गोणपाटं वाळून कडक झालेली होती. महारेराने चालू प्रकल्पांना सहा महिने वाढवून दिले, आमची तारीख जून २०२२ वर गेली. काम पुन्हा सुरू झालं, पण ती बाई परत आली नाही. उशिराचा माझा राग तेव्हापासून थोडा शहाणा झाला. हक्क मागायचा, पण आपलं घर कुणाच्या हातांनी उभं राहतंय ते विसरायचं नाही.

६. शेजारी घराच्या आधी मिळाले, आणि त्यांच्यामुळेच घर नीट मिळालं. २०२१ मध्ये सगळ्या खरेदीदारांना कुरिअरने एक कागद आला, "कृपया सही करून पाठवा." मी पेन हातात घेतलं होतं. आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एका निवृत्त काकांनी तो पूर्ण वाचला होता. ती नकाशातल्या बदलांना सरसकट संमती होती. मंजूर नकाशात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश घरधारकांची लेखी संमती लागते, म्हणून तो कागद आला होता. बागेच्या जागी पार्किंग येणार होतं. एका रविवारी वाघेश्वराच्या देवळाजवळ आम्ही तीस-पस्तीस जण जमलो. एकमेकांचे चेहरे पहिल्यांदाच पाहिले. आरडाओरडा न करता एकच पत्र लिहिलं, सगळ्यांनी सह्या केल्या. बाग राहिली. पुढे जूननंतरच्या उशिराचं व्याजही असंच एका पत्राने मागितलं, आणि ते शेवटच्या हप्त्यातून वजा झालं. एकटीने मी यातलं काहीच केलं नसतं.

७. किल्ली आणि ताबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०२२ च्या पाडव्याला निरोप आला, "फर्निचरसाठी किल्ल्या घेऊन जा, भोगवटा प्रमाणपत्र येईलच." लेकीची शाळा जूनमध्ये सुरू होणार, भाड्याचा करार संपत आलेला. आमच्यात यावरून भांडणंही झाली. नवरा म्हणाला, "सगळेच घेतायत, आपण काय वेगळे?" काहींनी खरंच किल्ल्या घेतल्या, आणि त्यांची अडचण मला समजते. पण भोगवटा प्रमाणपत्र म्हणजे ही इमारत मंजूर नकाशाप्रमाणे झाली आणि राहायला योग्य आहे, असं नियोजन यंत्रणेने म्हणणं. ते नसताना शेवटचे पैसे दिले की आपल्या हातात काही उरत नाही. आम्ही थांबलो, भाड्याचा करार सहा महिने वाढवला. प्रमाणपत्र सप्टेंबरात आलं.

८. घर मे महिन्यात पाहावं, आणि पुन्हा एकदा पावसात. आम्ही पाहिलं जुलैमध्ये, चहूकडे पाणीच पाणी असताना. उन्हाळ्यात पाणी कुठून येतं, हा प्रश्न मी बाजूच्या जुन्या सोसायटीच्या वॉचमनला विचारला असता, तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं असतं: टँकर. ३० जून २०२१ ला वाघोली पुणे महापालिकेत आली, तेव्हा आम्हाला वाटलं पाण्याचा प्रश्न सुटला. पण गाव महापालिकेत गेलं म्हणून दुसऱ्या दिवशी नळ येत नाही. आधी टाक्या आणि वाहिन्या याव्या लागतात. आता टँकरचा खर्च आमच्या देखभालीच्या बिलात असतो. पावसाचं म्हणाल, तर २०२३ च्या जुलैत लेकीच्या खोलीची भिंत ओली झाली. बांधकामातल्या दोषांची दुरुस्ती ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत विनामूल्य करून देणं विकासकावर बंधनकारक आहे. फोनवर न बोलता तारीख घातलेले फोटो जोडून ईमेल पाठवला. दोन महिन्यांत बाहेरून काम झालं, आणि पुढच्या पावसात भिंत कोरडी राहिली.

९. गृहप्रवेशाने खरेदी पूर्ण होत नाही. वास्तुशांतीच्या दिवशी बाबा आले, सगळ्या खोल्या फिरले, बाल्कनीत उभे राहिले आणि म्हणाले, "छान आहे. आता जमीन कुणाच्या नावावर आहे?" सोसायटी नोंदवणं आणि जमिनीचं अभिहस्तांतरण करून घेणं, ही कामं चार भिंती मिळाल्यानंतरची आहेत, आणि त्यांना कुणी पेढे वाटत नाही. पुण्या-मुंबईत कितीतरी इमारती जुन्या झाल्या, तरी जमीन सोसायटीच्या नावावर आलेली नाही. पुनर्विकासाची वेळ आली की ते कळतं. आमची सोसायटी नोंदली गेली आहे, अभिहस्तांतरणाचं काम चालू आहे, आणि त्या समितीत मी स्वतःहून नाव दिलं आहे.

या सगळ्यातून माझ्यापुरतं एक नक्की झालं. अपूर्ण घर घेताना आपण एक शब्द विकत घेतो, आणि शब्द देणारा चांगला असला तरी तो लिहून घ्यावाच लागतो. प्रश्न विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. जो चांगलं काम करतो त्याला प्रश्नांची अडचण होत नाही, हे मी स्वतः पाहिलं आहे.

तुम्ही घर घेणार असाल तर एवढं माझ्यासाठी करा: करारनाम्याचा मसुदा आठवडाभर आधी मागून घरी आणा, घरातल्या सगळ्यांना जवळ बसवा, ताब्याची तारीख असलेलं पान मोठ्याने वाचा, आणि मगच सहीला जा.