आधी विचारावे, मग रागवावे

शास्त्रपाठ : लूक 2:41-52, इफिस 6:1-4

ग्वाल्हेरचे लष्कर हे 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांच्या छावणीतून वसलेले शहर. तेथील टोपी बाजारच्या आसपास जुनी मराठी कुटुंबे आहेत. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा बापाला हिंदीत उत्तर देऊ लागला, की बापाला तो उद्धटपणा वाटतो. मुलाला ती फक्त मित्रांची भाषा असते. भांडण भाषेवरून दिसते. खरे दुःख हे, की कोणी कोणाचे ऐकून घेत नाही.

चिनी घरांत आईबापांचा मान फार मोठा. पण कन्फ्यूशियसच्या परंपरेत मुलाच्या सेवेबरोबर बापाची ममताही कर्तव्यच मानली आहे. पौलही मुलांना आज्ञापालन शिकवून लगेच बापांना बजावतो, की मुलांना चिडवू नका.

बारा वर्षांचा येशू मंदिरात सापडला, तेव्हा मरीयेने कारण विचारले. उत्तर समजले नाही, तरी ते मनात जपले. येशूही घरी येऊन त्यांच्या आज्ञेत राहिला.

वर्गासाठी प्रश्न :
1. मरीयेने रागावण्याऐवजी काय केले?
2. या आठवड्यात घरी कोणाचे म्हणणे आपण पुरते ऐकून घेऊ?