हळदीचे भाव आणि गावातला सर्व्हर

प्रश्न : आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीच्या सभासदांना हळदीचे भाव रोज एसएमएसने कळवायचे आहेत. मुक्तस्रोत संदेश-प्रणाली गावातल्याच संगणकावर चालवली तर खर्च वाचेल का?
– एक वाचक, हट्टा (ता. वसमत, जि. हिंगोली)

उत्तर : सॉफ्टवेअरचा वाचेल, एसएमएसचा नाही. ‘जास्मिन’ हा पायथनमधला मुक्तस्रोत एसएमएस गेटवे फुकट मिळतो. सोबत रेडिस आणि रॅबिटएमक्यू ही सॉफ्टवेअर लागतात. तुमचं अ‍ॅप त्याला एचटीटीपीने संदेश देतं, तो पुढे एसएमपीपी या प्रोटोकॉलने एसएमएस पुरवठादाराकडे जातो. तिथून पुढे प्रत्येक संदेशाचे पैसे मोजावेच लागतात.

त्याआधी कागदपत्रं. दूरसंचार नियामक ‘ट्राय’च्या 2018 च्या नियमांनुसार कंपनीची डीएलटी (व्यावसायिक संदेशांच्या नोंदणीची यंत्रणा) नोंदणी करून हेडर (पाठवणाऱ्याचं नाव) आणि मजकुराचा साचा मंजूर करून घ्यावा लागतो. साच्यात भावाचा आकडा बदलता ठेवा, नाहीतर रोज नवा साचा! मोडेममध्ये साधं सिम घालून शेकडो संदेश सोडायची युक्ती कुणीतरी सुचवेलच. त्यात नंबर बंद पडू शकतो. अनधिकृत व्हॉट्सअ‍ॅप लायब्रऱ्यांचंही तेच.

गावातला संगणक नको. वीज जाते हे एक. शिवाय पुरवठादार बहुधा ठरावीक आयपीवरूनच जोडणी घेतात, आणि घरगुती इंटरनेटचा आयपी बदलत राहतो. मुंबईतल्या डेटासेंटरमधला छोटा आभासी सर्व्हर (व्हीपीएस) घ्या. जास्मिनचा मूळ व्यवस्थापन-पासवर्ड जगजाहीर आहे, तो आधी बदला. त्याची 1401 (एचटीटीपी) आणि 8990 (व्यवस्थापन) ही पोर्ट इंटरनेटवर उघडी ठेवू नका.

सभासद शे-दोनशेच असतील, तर एवढा खटाटोप कशाला? पुरवठादाराचीच एपीआय थेट वापरा.