पिंपरीची दोन औषधे आणि सजीवांतील चार रेणू

सजीवांच्या शरीरातील सेंद्रिय रेणूंचे मुख्य गट चार: कर्बोदके, प्रथिने, मेद आणि केंद्रकाम्ले. ही नावे विद्यार्थ्यांना मुखोद्गत असतात. परंतु हे रेणू पेशीत नेमके काय करतात, हे परीक्षेनंतर फारसे कोणाच्या स्मरणात राहत नाही. ते समजून घेण्यासाठी सांगवीकरांना दूर जाण्याचे कारण नाही. आपल्या परिसरात ‘एच. ए.’ या दोन अक्षरांनी ओळखली जाणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली पिंपरी येथे स्थापन झाली. युनिसेफ व जागतिक आरोग्य संघटना यांच्या साहाय्याने उभारलेल्या या कारखान्यात १९५५ पासून पेनिसिलीन तयार होऊ लागले.

पेनिसिलीन जीवाणूला मारते ते कसे? जीवाणूच्या पेशीभोवती भक्कम भित्तिका असते. तिची रचना बाजेच्या विणीसारखी आहे. शर्करेच्या लांब साखळ्या, म्हणजे कर्बोदके, एका दिशेने ताणलेल्या असतात आणि अमिनो आम्लांचे छोटे तुकडे त्यांना आडवे बांधतात. ही गाठ मारण्याचे काम एक विकर करते, आणि विकर म्हणजे प्रथिनच. पेनिसिलीनच्या रेणूचा आकार या छोट्या तुकड्याच्या टोकाशी मिळताजुळता असल्याने विकर त्यालाच धरते आणि कायमचे अडकून पडते. गाठी पडेनाशा होतात, वाढत्या जीवाणूची भित्तिका दुबळी होते, पाणी आत शिरते आणि पेशी फुटते. मानवी पेशींना अशी भित्तिकाच नसते. म्हणून ज्यांना या औषधाची ॲलर्जी नाही, त्यांना त्याचा सहसा अपाय होत नाही. गंमत अशी की पेनिसिलीनचा गाभाही सिस्टीन आणि व्हॅलीन या दोन अमिनो आम्लांपासूनच बुरशी घडवते.

दुसरे औषध आपल्याच मातीतले आहे. एच. ए. मधील शास्त्रज्ञ डॉ. एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक शोधले. ते ज्या सूक्ष्मजीवापासून मिळाले, त्याचे शास्त्रीय नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना. पिंपरीचे नाव जीवशास्त्राच्या ग्रंथांत असे कोरले गेले, हे आपल्या मुलांना माहीत असायलाच हवे. हॅमायसिनचे लक्ष्य भित्तिका नसून तिच्या आतील मेदाचे पातळ पटल आहे. बुरशीच्या पटलात अर्गोस्टेरॉल नावाचा मेद असतो. औषध त्याला चिकटते, पटल गळू लागते आणि पेशीतील क्षार बाहेर पडतात. आपल्या पेशींच्या पटलात त्याऐवजी कोलेस्टेरॉल असते. मात्र हे दोन मेद एकमेकांना बरेच जवळचे असल्याने अशा वर्गातील औषधे पोटात देताना पेनिसिलीनपेक्षा अधिक सावध राहावे लागते.

आता राहिले चौथे, केंद्रकाम्ल. काही जीवाणूंच्या डीएनएमध्ये एका निराळ्या विकराची कृती लिहिलेली असते. हे विकर पेनिसिलीनच्या रेणूतील चार अणूंचे कडे फोडून टाकते. औषध चुकीच्या कारणाने किंवा अपुऱ्या मात्रेत घेतले की साधे जीवाणू मरतात, ही कृती जवळ असलेले तगतात व वाढतात. एवढेच नव्हे, तर डीएनएचा तो तुकडा ते शेजारच्या जीवाणूंनाही देऊ शकतात. एका खोलीत अनेक मुले झोपतात, तेथे ही गोष्ट पुस्तकापुरती राहत नाही.

पालकांना यासाठी एक विनंती. सुट्टीनंतर परतणाऱ्या मुलांच्या पेटीत ‘सर्दी झाली तर घे’ म्हणून घरात उरलेल्या कॅप्सूल ठेवलेल्या आढळतात. सर्दी विषाणूंमुळे होते. सर्दीचा विषाणू म्हणजे प्रथिनाच्या वेष्टनातले केंद्रकाम्ल. त्याला ना शर्करेची भित्तिका, ना ती बांधणारे विकर. तेथे पेनिसिलीनला धरण्याजोगे काहीच नसते. तेव्हा औषधे पेटीत न ठेवता डॉक्टरांच्या चिठ्ठीसह वसतिगृहाच्या अधीक्षकांकडे द्यावीत.